खिडकीतली आत्या

त्या वर्षी विहीर आटायच्या आधी माणसं आटली. रोपवाटिकेत ट्रे भरायला येणाऱ्या दोघी बायका ऐन हंगामात कालव्याच्या कामावर निघून गेल्या. मिरचीची, वांग्याची, कोबीची रोपं लोकांनी सांगून ठेवलेली, बी भिजत घातलेलं, आणि घरात कामाला माणसं उरली तीन: आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय. त्यातली आत्या सकाळी शाळेत जाऊन बसायची ती शाळा सुटल्यावरच उठायची. म्हणजे खरं तर दोनच.

आज आत्याला गुडघे उठू देत नाहीत. हिरव्या जाळीच्या सावलीत खुर्ची टाकून ती बसते आणि रोपं न्यायला आलेल्या माणसाला धरून गप्पा मारते. तिची कितीतरी वर्षं एकमेकांत कालवून गेली आहेत, कुठलं आधी नि कुठलं नंतर हे तिला सांगता येत नाही. ते एक वर्ष मात्र अख्खंच्या अख्खं आठवतं. ओल्या कोकोपीटचा, नारळाच्या भुशाचा वास, भावजयीच्या कमरेला बांधलेला पट्टा, आणि आपल्या मनगटावरची बारीकशी पकड. दिवस कष्टाचे होते, भांडणाचे होते. तरी कुणी परत देत असेल तर आत्या आजही ते दोन्ही हातांनी घेईल.

ती पकड बारकीची. बारकी म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी, तेव्हा पहिलीत. नवरा गेल्यावर आत्या माहेरी आली, आणि भावाच्या घरात हे पोर जन्मल्यावर तिला पुन्हा जगायला काहीतरी मिळालं. आत्याच्या जिभेला विश्रांती म्हणून नव्हती. ती रोपांशी बोलायची, कोंबडीला दम भरायची, बस उशिरा आली तर बसला चार शब्द सुनावूनच आत चढायची. आणि अशा आत्याच्या मांडीवर वाढलेली पोरगी बोलायचंच नाव घेईना. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून ऑटिझम आहे असं सांगितलं. भावानं तो शब्द घरी येईपर्यंत तोंडात घोळवला आणि घरी आल्यावर पुन्हा कधी काढला नाही.

बारकीला आवडायची ती लाल झारी. झारीच्या चाळणीतून पाणी पडायला लागलं की ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची, तोंडानं हुंकार भरायची आणि दोन्ही हात पाखरासारखे हलवायची. काही हवं असलं की ती आत्याचं मनगट धरायची, ओढत न्यायची आणि हव्या त्या वस्तूवर आत्याचा हात नेऊन टाकायची. चेहऱ्याकडे बघायची नाही. आत्याचा हात म्हणजे तिच्या लेखी खुंटीवरचा पळा होता, काम झालं की सोडून द्यायचा. पण आत्याला त्याचं कोण कौतुक. कुठला हुंकार भुकेचा, कुठला गोंगाटाला कंटाळल्याचा, कुठला नुसता आनंदाचा, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं.

शाळेत घेताना गुरुजींनी एकच सांगितलं होतं की सोबत घरचं कुणीतरी बसू द्या. तेव्हापासून पहिलीच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून आत्या बसायची. तिथं बसून तिनं गप्प राहावं ही अपेक्षा कुणी ठेवली असेल तर चूक त्याची. ती मुलींच्या सुटलेल्या वेण्या घालायची, मागच्या बाकावरच्या उनाडांना वळणावर आणायची, आणि गुरुजींनी बारकीला चित्र दाखवून हे काय असं विचारलं की गुरुजींचा प्रश्न संपायच्या आत मांजर असं ठासून सांगायची. गुरुजी बिचारे सज्जन. ते बरोबर म्हणायचे आणि पुढं जायचे.

मग एक दिवस त्या बाई आल्या. ज्या मुलांना बोलायला अडचण आहे, ज्यांचं वागणं निराळं आहे, अशांना शिकवायचं खास शिक्षण त्यांनी घेतलं होतं. आसपासच्या कितीतरी शाळा त्यांच्याकडे होत्या, त्यामुळे त्या आठवड्यातून दोनदाच यायच्या. स्कूटर, हेल्मेटनं चपटे झालेले केस, खांद्याला मोठी कापडी पिशवी. पहिल्या दिवशी त्या बारकीजवळ जमिनीवर जाऊन बसल्या आणि अख्खा तास एक शब्द बोलल्या नाहीत. बारकी बांगडी फिरवत होती, तर त्याही शेजारी एक बांगडी फिरवत बसल्या. आत्यानं गुरुजींच्या कानाशी लागून विचारलं, "हिलाही बोलता येत नाही की काय?"

दुसऱ्या खेपेला बाईंनी आत्याला व्हरांड्यात बोलावलं. बारकीला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, त्यामुळे आत्या खुशीत ऐकत राहिली. मग त्या म्हणाल्या, "पण आत्या, तिला काही मागायची वेळच येत नाही. तिच्या मनात यायच्या आत तुम्ही देता. तिनं बोलावं कशासाठी?"

"मग काय, कळलं तरी न कळल्यासारखं करू?"

"थोडं थांबा, एवढंच. तिला जागा द्या."

आत्याला ते लागलं. इतकी वर्षं जिवापाड केलं आणि ही कालची पोर मला थांबायला सांगते, असं ती घरी येईपर्यंत मोठ्यांदा म्हणत होती. वाटेत ऐकायला बारकीशिवाय कुणी नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी तिला खोलीत बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच आत्या समजली की बातमी बरी नाही. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की पुढच्या वर्गात असं मोठं माणूस रोज बसवता येणार नाही. मुलीला तहान लागली, दुखलं-खुपलं, बाहेर जायचं झालं, तर तिला स्वतःला ते कुणाला तरी कळवता आलं पाहिजे. सुट्टी लागायच्या आधी ती एकटी शाळेत राहू शकते असं दिसलं तर ठीक. नाहीतर शहरात अशा मुलांची निवासी शाळा आहे, तिथं सोय चांगली आहे, राहणं-जेवण सगळं तिथंच.

राहणं तिथंच, एवढंच आत्यानं ऐकलं. बारकी रात्री आत्याच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोपायची नाही. मग रात्री शहरात तिनं पाय कुणाच्या पोटावर टाकायचा, हा प्रश्न आत्यानं हेडमास्तरांना विचारला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

घरी येऊन सांगितलं तर भावजय ट्रे भरत होती. ती भरतच राहिली. ट्रेच्या एकेका घरात बोटानं खळगा, खळग्यात एक बी, वर चिमूटभर कोकोपीट, आणि ट्रे पुढं सरकवायचा. कमरेचा पट्टा घामानं काळा पडलेला. मग ती मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुम्ही शाळेत बसता. इथं माझं कंबरडं मोडतं, त्याचं मी बोलत नाही. पण एक विचारू? सात वर्षांत पोरगी माझा हात धरून कुठं गेली नाही. ती माझी नाही का?"

  आत्यानं पदर खोचला आणि समोर बसून ती ट्रे भरायला लागली, अंधार पडून बी दिसेनासं होईपर्यंत.

जेवताना तिनं भावाला बाईंचं म्हणणं सांगितलं. लगेच द्यायचं नाही, तिला मागू द्यायचं. भावाचा घास हातातच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "अगं अक्का, मग सरळ सांग ना, ताण द्यायचा."

रोपं विकायला काढायच्या आधी त्यांचं पाणी तोडतात. पानं थोडी मलूल होतात, पण खोड काटक होतं आणि शेतात लावल्यावर रोप मान टाकत नाही. याला ताण देणं म्हणतात, आणि ताण द्यावा तर तो भावानंच, असं गावात म्हणायचे. जन्मभर जे केलं तेच पोरीच्या बाबतीत करायचं आहे, हे कळल्यावर त्याला हायसं वाटलं. इतके दिवस या प्रकरणात त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लाल झारी छपराच्या वाशाला उंच टांगली. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की पोर तोंडानं झारी म्हणेल तेव्हा काढायची, तोवर कुणी हात लावायचा नाही. बारकी आली, खाली उभी राहून वर बघत राहिली. मग नेहमीसारखं तिनं आत्याचं मनगट धरलं. आत्यानं डोळे मिटले आणि हात सोडवून घेतला.

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बारकीनं आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. पुन्हा धरायला ती आली नाही. ट्रे मांडायच्या बुटक्या मांडवाखाली, जिथं पाणी ठिबकून चिखल झालेला असायचा, तिथं जाऊन ती अंग आखडून बसली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी तिनं स्वतःच्या मनगटाला चावे घेतले. भाऊ म्हणत राहिला की रोप पहिल्या दिवशी मलूल होतंच, धीर धरा. दुसऱ्या दिवशी तिचा हुंकारही बंद झाला. त्या घरात हुंकाराची इतकी सवय होती की तो थांबल्यावर तिघांनाही काम सुचेना. भावजय ट्रे भरताना रडत होती, आणि आत्याला वाटत होतं की वर चढावं, झारी खाली आणावी आणि बाईंना शाळेच्या दारात गाठून विचारावं, हेच का तुमचं शिक्षण.

विचारायला जावं लागलं नाही. मुलगी शाळेत दिसली नाही म्हणून बाई स्वतःच स्कूटर घेऊन आल्या. भावानं त्यांना सगळं सांगितलं, आधी थोडं अभिमानानं, मग आवाज उतरत गेला.  बाई चिखलात गुडघे टेकून मांडवाखाली शिरल्या आणि बारकीपासून हातभर अंतरावर आडव्या झाल्या. साडी खराब झाली. बऱ्याच वेळानं तिथूनच त्यांनी विचारलं, "दादा, ताण कधी देता?"

"रोप तयार झाल्यावर. विकायच्या आधी."

"आणि कोंब नुकता वर आलेला असतो, तेव्हा?"

"तेव्हा कसा द्यायचा? तेव्हा तर त्याला," असं म्हणून भाऊ थांबला.  मग शिडी न घेता, डबड्यावर डबडं ठेवून तो वर चढला, झारी काढली, भरून आणली आणि मांडवासमोर उकिडवा बसून जमिनीवर पाणी ओतायला लागला. त्या वर्षी पाण्याचा एकेक थेंब जपून वापरायचा. तो ओततच राहिला. दुसऱ्यांदा झारी भरून आणल्यावर मांडवाखालून एक चिखलानं माखलेला हात पाण्याखाली आला.

बाई बाहेर आल्या तेव्हा भाऊ मान खाली घालून बसला होता. त्या म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी थांबा म्हटलं, किती थांबायचं ते सांगितलं नाही." मग त्यांनी तिघांना समोर बसवून करून दाखवलं. झारी पोरीच्या डोळ्यांसमोर धरायची. थोडं पाणी घालायचं आणि हात थांबवायचा. तोंड मिटून दोन-तीन श्वास घ्यायचे. तेवढ्यात तिनं बघितलं, हुंकार दिला, हात पुढं केला, काहीही केलं, की ते तिचं बोलणं. लगेच पाणी सोडायचं. तिला हरू द्यायचं नाही. पिशवीतून त्यांनी जाड कागदावर चिकटवलेले फोटो काढले, एक झारीचा, एक पेल्याचा, एक डब्याचा, एक शाळेतल्या लघवीच्या मोरीचा. फोटो हातात दिला की वस्तू मिळते, एवढं तिला कळू द्या, असं त्यांनी सांगितलं.

तोंड मिटून दोन-तीन श्वास. भावाला जमलं, भावजयीला जमलं. आत्याच्या नाकी नऊ आले. पहिला श्वास अर्धा होतो न होतो तोच तिच्या तोंडून हं, झारी हवी ना माझ्या राणीला, असं निघून जायचं. शेवटी तिनं उपाय काढला. रोपांच्या जुड्या बांधायची सुतळी ती दातांत धरायला लागली. सुतळी दातांत असेपर्यंत बोलायचं नाही. दिवसभर आत्याला सुतळी चावत गप्प फिरताना बघून शेजारणीनं दाढदुखीवर लवंग आणून दिली.

त्या दिवसांची आठवण आत्या फार जपून काढते. सकाळी लवकर ट्रे बाहेर काढायचे, बी टाकायचं, जाळी ओढायची, शाळा, शाळेतून आल्यावर पुन्हा रोपं उपटून जुड्या बांधायच्या, पाठ टेकली की डोळे मिटायचे. चौघं एका जागी काम करत असायची. कुणी फारसं बोलायचं नाही आणि मधून मधून बारकीचा हुंकार. एवढं एकत्र ते घर नंतर कधी राहिलं नाही.

त्यातली एक संध्याकाळ. भावजय मिरचीच्या ट्रेवर झारी धरून चालली होती आणि मध्येच तिची कंबर धरली. ती तशीच वाकून उभी राहिली, पाणी थांबलं. बारकी आत्याच्या पायाशी बसली होती. ती उठली. आत्याला वाटलं, आता मनगट धरेल, आणि तिनं सवयीनं हात थोडा पुढंही केला. बारकी तिच्याजवळून गेली, फोटोंच्या डब्याशी बसून शोधत राहिली, आणि झारीचा फोटो तिनं नेऊन आईच्या पोटाशी धरला.

भावजयीनं तो घेतला. मग ती पाणी घालायला लागली आणि थांबेचना. ट्रे भरून वाहिला, मिरचीचं बी कोकोपीटसकट वाहून खाली आलं, बारकी हात हलवत उड्या मारत होती आणि भावजय डोळ्यांतून पाणी गाळत झारी धरून उभी होती. भावानं पाहिलं. एरवी अशा नासाडीवर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. तो वळून दुसरीकडे काम शोधायला गेला. पलीकडच्या वाफ्यात आत्या सुतळी दातांत धरून बसली होती. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्याच वेळी आत कुठंतरी बारीक काटा मोडला. दोन्ही खरं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

शाळेत आता आत्याला हळूहळू मागं सरकवायचं ठरलं. आधी ती शेजारच्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली. मग दाराजवळच्या स्टुलावर. मग बाईंनी तिला व्हरांड्यात काढलं. व्हरांड्यात वर्गाची खिडकी होती, गजांची, बरोबर बारकीच्या बाकासमोर. पहिले एक-दोन दिवस बरे गेले. मग गुरुजींनी बारकीला पेल्याचं चित्र दाखवून हे काय असं विचारलं, आणि बाहेरून आवाज आला, पेला. वर्ग हसून लोटपोट झाला. गुरुजींनाही हसू आवरेना. त्या दिवसापासून पोरं तिला खिडकीतली आत्या म्हणायला लागली, आणि गुरुजींनी काही विचारलं की सगळी आधी खिडकीकडे बघायची.

बाईंनी तिला बाजूला घेतलं. "आत्या, खिडकीसुद्धा वर्गातच येते."

"मी काही मुद्दाम करत नाही हो. येतंच तोंडातून."

"माहीत आहे. पण उद्यापासून फाटकापर्यंत."

फाटकापर्यंत म्हणजे घरीच. भावाला हात मिळाले, भावजयीच्या पाठीला आराम मिळाला, आणि आत्याचं चित्त मात्र थाऱ्यावर नसायचं. एकाच घरात दोन-दोन बिया टाकायची. मधल्या सुट्टीची घंटा वाऱ्यानं ऐकू आली की उभी राहायची. बारकी शाळेतून येई तेव्हा तिला उलटंपालटं करून बघायची, कुठं खरचटलं का, ओली तर नाही ना. एकदा ओली होती. आत्याचं त्यावरून दोन दिवस जेवणात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी सांगितलं की बारकीनं मोरीचा फोटो स्वतः नेऊन गुरुजींच्या टेबलावर ठेवला, तेव्हा आत्यानं तीनदा विचारून घेतलं, कुठल्या हातानं, कसा ठेवला, मग गुरुजी काय म्हणाले.

सुट्टी जवळ आली. हेडमास्तरांचं अजून ठरत नव्हतं. फोटो देते हे चांगलंच, असं ते म्हणायचे, पण मोठी पोरं अंगावर आली, कुणी वस्तू हिसकावून घेतली तर ही उभी राहील का? बाई म्हणायच्या, राहील. हेडमास्तर म्हणायचे, बघू. या बघूनं आत्याची झोप उडाली. शेवटी तिनं आपल्या परीनं तोड काढली. शाळेच्या टाकीजवळ एक मोकळा वाफा होता. भावाची उरलेली वांग्याची रोपं टोपलीत घालून ती मधल्या सुट्टीत शाळेत हजर झाली, म्हणाली, शाळेला भेट, लावून देते आणि जाते. शाळेला भेट नको असं कोण म्हणणार?

चपला वाफ्याच्या कडेला काढून आत्या मातीत उतरली. हात रोपं लावत होते, डोळे नळावर होते. नळापाशी पोरांची रांग लागली होती. रोपांना पाणी घालायला शाळेची एकच झारी, ती हातोहात फिरत होती, आणि रांगेत बारकीही उभी होती. एकटी, बोटं एकमेकांत गुंतवून, हुंकार भरत. तिचा नंबर आला. तेवढ्यात चौथीतल्या एका दांडगटानं मध्ये घुसून झारी उचलली.

आत्याच्या हातातलं रोप तिथंच पडलं. "ए, ठेव ती! तिचा नंबर आहे, दिसत नाही का? तिला पाणी घालायचंय, दे तिला." पोरगा दचकला, त्यानं झारी पुढं केली. रांग आत्याकडे बघायला लागली. खिडकीतली आत्या आली, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. खोलीच्या दारात हेडमास्तर येऊन उभे राहिले. बाई कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत निघाल्या होत्या, हेल्मेट हातात घेऊन त्याही थबकल्या.

बारकीनं झारी घेतली नाही. ती रांगेतून बाहेर आली, वाफ्याजवळ आली आणि तिनं आत्याचं मनगट धरलं.

किती दिवसांनी ती पकड. आत्याचा ऊर भरून आला. काय हवं असेल ते ती आता दाखवेल आणि आपण देऊ, एवढंच तिच्या मनात. बारकी ओढत निघाली. नळ मागं गेला. डबे ठेवायची फळी मागं गेली. मोरीकडे ती वळली नाही. सगळ्या पोरांमधून, हेडमास्तरांच्या समोरून तिनं आत्याला थेट फाटकाशी नेलं आणि तिचा हात फाटकाच्या कडीवर टाकला. आत्यानं कडी काढली. बाहेर रस्ता, ऊन, कुणी नाही. हिला काय पाहिजे इथं? घरी जायचंय का, कंटाळलीस का, कुणी मारलं का, हे सगळं आत्याच्या ओठांपर्यंत आलं. दातांत सुतळी नव्हती. तरी तिनं ते गिळलं आणि उभी राहिली.

बारकी आत्याच्या बांगडीकडे बघत होती. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"आत्या," ती म्हणाली. आवाज जाडसर होता, कधी न वापरलेला. मग श्वास घेऊन ती म्हणाली, "जा."

आणि मनगट सोडून ती मागं फिरली. रांगेत पहिली जाऊन उभी राहिली आणि त्या चौथीतल्या पोरासमोर तिनं हात पसरला. पोरानं इकडेतिकडे बघितलं. आता आत्या ओरडत नव्हती, कुणीच काही म्हणत नव्हतं. त्यानं झारी तिच्या हातात दिली.

हेडमास्तरांनी पुढं शहरातल्या शाळेचं नाव काढलं नाही. पण हे आत्याला नंतर कळलं. त्या क्षणी ती फाटकाबाहेर पडली होती आणि चालायला लागली होती. मागून बाई ओरडल्या, आत्या, चपला राहिल्या. आत्यानं न वळता हात हलवला. पोरीनं जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सांगून पाठ फिरते न फिरते तोच परत आत जायचं? चपलांसाठी? रस्ता तव्यासारखा तापला होता. ती कडेच्या गवतावरून, सावली दिसेल तिथं थांबत, पाय उचलत चालली. ओळखीचे दोघं-तिघं भेटले, त्यांनी काय झालं विचारलं, आणि आत्या त्यांच्याकडे बघून पुढं गेली.

भावजयीनं तिला लांबून अनवाणी येताना पाहिलं. हातातला ट्रे टाकून ती पुढं आली. "वन्सं, काय झालं? पाठवतायत का तिला?"

आत्यानं मान हलवून नाही म्हटलं. पालथ्या बादलीवर ती बसली. तळवे लालबुंद झाले होते, एका टाचेला फोड आला होता. भावजय घागरीतून तांब्याभर पाणी घेऊन आली, खाली बसली, तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि धार धरली.

"बोलली," आत्या म्हणाली.

भावजयीचा हात थांबला. "काय बोलली?"

"मला जा म्हणाली."

भावजय तिच्याकडे बघत राहिली. तिला हसावं की रडावं कळेना, आणि आत्याचं तर दोन्ही एकदमच चाललं होतं.

"आधी आत्या म्हणाली बरं का," आत्यानं डोळे पुसत सांगितलं. "आधी नाव घेतलं. मग जा म्हणाली."

"हो," भावजय म्हणाली, आणि तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला.